हार्वेस्टरने गहू काढल्यावर काडाचं काय? भुसा करावा, गठ्ठे बांधावेत की रानातच कुजवावं?

कादवाकाठ | निफाड

रामराम मंडळी. पाच एकर लोकवन गहू उभा आहे, मार्चअखेर हार्वेस्टर लावणार. रान मध्यम काळं, एका अंगाला अर्धा-पाऊण एकर मुरमाड पट्टा, त्यात बारीक दगडगोटे. गोठ्यात चार संकरित गाई, एक म्हैस, एक कालवड. अर्धा एकर मका आणि थोडा लसूणघास आहे, पण मे-जूनमध्ये विहीर तळाला जाते आणि हिरवा चारा आटतो.

मळणी यंत्रावर गहू काढायचो तेव्हा भुसा आपसूक एका जागी पडायचा. हार्वेस्टरमुळे दाणे घरी आणि काड रानभर. आजूबाजूला बरेच जण काडी लावून मोकळे होतात, मला ते करायचं नाही. जूनमध्ये सोयाबीन पेरायचं आहे.

भुसा मशीन बरं की बेलर (गठ्ठे बांधणारं यंत्र)? पाच एकरांत भुसा किती निघेल आणि तो जनावरांना वर्षभर पुरेल का? युरिया प्रक्रिया खरंच करावी का, प्रमाण नक्की किती? आणि रानात जे उरेल त्याचा सोयाबीनला त्रास होईल का? शेड नाही, तेवढं लक्षात घ्या.

---

यंत्र_आणि_रान

दादा, काडाचं निम्मं भवितव्य हार्वेस्टरवाल्याच्या हातात असतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. काही हार्वेस्टरना मागे काड बारीक करून फेकणारं जोडयंत्र असतं. ते बंद ठेवायला किंवा काढून ठेवायला सांगा. काड ओळीतच पडलं पाहिजे, पसरलेलं काड भुसा मशीन नीट उचलत नाही.

कापणी जमिनीलगत करा म्हणून हार्वेस्टरवाल्याशी वाद घालू नका. खालून कापलं की काड जास्त आत जातं, चाळण्या भरतात आणि दाणा मागून काडाबरोबर बाहेर पडतो. तुमच्या मुरमाड पट्ट्यात तर पात्यात गोटा जाणार. भुसा मशीनला पुढे स्वतःची कापणीपात असते, ती उभं धसकट जमिनीपासून दोन-अडीच इंचावर कापून घेते. म्हणजे हार्वेस्टरने वीतभर किंवा थोडं जास्त धसकट ठेवलं तरी भुशाचं काही जात नाही. जातं ते चाकाखाली लोळलेलं काड. म्हणून धान्याची ट्रॉली सगळ्या रानात फिरवू नका, बांधाला उभी करा आणि हार्वेस्टर तिथे येऊन रिकामा होऊ द्या. भुसा होईपर्यंत रानात जनावरंही सोडू नका, तुडवलेलं काड जमिनीला चिकटतं आणि मशीन ते सोडून पुढे जातं.

आता मशीन. पुढे फिरकी आणि कापणीपात, मध्ये दातेरी पात्यांचा ड्रम, त्याखाली जाळी, मागे पंखा आणि जाळीच्या ट्रॉलीत जाणारा पाइप. सगळा खेळ ड्रम आणि पंखा एकसारख्या वेगाने फिरण्याचा आहे. ट्रॅक्टर ४५ एचपीच्या खालचा असेल तर ओळीत काडाचा जाड पुंजका आला की इंजिन दबतं, पंख्याचा वेग पडतो आणि पाइप तुंबतो. मग ड्रायव्हर उतरून हाताने काड ओढायला लागतो. पीटीओ (ट्रॅक्टरच्या मागचा, मशीन फिरवणारा दांडा) बंद केल्याशिवाय आणि ड्रम पूर्ण थांबल्याशिवाय कोणीही आत हात घालायचा नाही. पीटीओ बंद केला तरी ड्रम बराच वेळ फिरत राहतो.

वेळ सकाळी दहानंतरची. दव असताना काड चामट होतं, तुटत नाही, ड्रमला गुंडाळतं. कडक उन्हात ते कडकड मोडतं आणि भुसा एकसारखा पडतो. एक मूठ काड पिळून बघा. आवाज करत तुटलं तर लावा मशीन, नुसतं वाकलं तर थांबा.

हिशेब असा. एकरी १८ ते २० क्विंटल गहू झाला तर काड साधारण तेवढंच, किंवा थोडं जास्त. त्यातलं मशीन रुपयातले नऊ-दहा आणे उचलतं. उरलेलं धसकटाचे बुडखे, लोळलेलं काड आणि वाऱ्यावर गेलेली बारीक धूळ. म्हणजे एकरी १० ते १२ क्विंटल भुसा, पाच एकरांत ५० ते ६०. सहा जनावरांना रोज सरासरी ३ किलो धरला तर दिवसाला १८ किलो, वर्षाला ६५ क्विंटलच्या आसपास. थोडा कमी पडेल, पण पावसाळ्यात हिरवा असताना तुम्ही तीन किलो घालणार नाही, त्यामुळे जवळपास भागतं. विकायच्या मात्र भानगडीत पडू नका.

मशीनवाले काही ठिकाणी ट्रॉलीवर पैसे घेतात, काही अर्धेलीने करतात. ट्रॉलीचा दर ठरवताना जाळीची उंची विचारा आणि पहिली ट्रॉली काट्यावर घाला. सैल भरलेली ट्रॉली डोळ्यांना भरलेलीच दिसते. अर्धेलीत तर तुमच्या वर्षाच्या चाऱ्यातला निम्मा जाईल, तुमच्यासारख्या गोठेवाल्याला ते परवडत नाही. मशीनखाली दाण्याचा ट्रे असतो, हार्वेस्टरमधून सुटलेल्या लोंब्यांचे दाणे त्यात पडतात. ते तुमचे, हे आधीच बोलून घ्या.

मुरमाड पट्टा शेवटी घ्या, आणि तो भुसा वेगळा ठेवा. त्यात माती-खडे येणारच. तो आच्छादनाला किंवा उकिरड्याला, गव्हाणीत नको.

---

बेलर_सिन्नर

वरच्या उत्तराशी सहमत, फक्त बेलरबद्दल गैरसमज नको म्हणून लिहितो. बेलर सुटं पडलेलं काड उचलतो, उभं धसकट कापत नाही. त्यामुळे हार्वेस्टरमागे थेट बेलर लावला तर फक्त ओळीतलं काड गठ्ठ्यात येतं. सगळं हवं असेल तर आधी धसकट कापायचं, मग रेकने (काड ओढून गोळा करणाऱ्या दाताळ्याने) ओळ करायची, मग बेलर. एका रानातून तीनदा ट्रॅक्टर फिरला, डिझेलचा हिशेब तुम्हीच करा.

बेलर कोणाला बरा? ज्याला काड लांब न्यायचं आहे, विकायचं आहे किंवा जागा कमी आहे त्याला. लहान गोल गठ्ठा १५ ते २५ किलोचा होतो, एक माणूस उचलतो. सैल भुशाच्या मानाने निम्म्याहून कमी जागा लागते. पण तो जनावराला घालायच्या आधी कुट्टी करावीच लागते, अख्खं गव्हाचं काड गाई निवडत बसतात आणि निम्मं पायाखाली घालतात.

गठ्ठ्यात दोन गोष्टी बिघडतात. पहिली ओल. १५ टक्क्यांच्या वर ओल असताना बांधला की आत गरम होतो, पांढरी-निळी बुरशी धरतो. बांधल्यावर आठवडाभर मधल्या गठ्ठ्यात हात घालून बघत जा. हात ठेवता येत नाही इतका गरम लागला तर रास मोडून गठ्ठे सुटे करा, कारण अशा राशी आपोआप पेटतात. दुसरी गोष्ट दोरी. नायलॉनची दोरी कापून गोठ्यात तशीच पडली तर ती जनावराच्या पोटात जाते आणि तिथेच गोळा होऊन बसते. ताग मिळाला तर तागच वापरा. नायलॉन असेल तर गठ्ठा सोडताना दोरी अख्खी ओढून खुंटीला अडकवायची, तुकडे करायचेच नाहीत.

पाच एकर आणि घरचीच जनावरं, एवढ्यासाठी भुसा मशीनच.

---

गोठा_आणि_दूध

भुशाच्या लांबीकडे कोणी बघत नाही. मशीनची जाळी फार बारीक लावली की भुसा पिठासारखा येतो. दिसायला छान, ट्रॉलीत जास्त मावतो, पण गाय तो रवंथ न करताच पुढे ढकलते आणि दुधाची फॅट उतरते. बोटाच्या एका-दोन पेरांएवढे तुकडे असावेत. खाऊ घालण्याआधी पाण्याचा हलका शिपका मारा, धूळ बसते आणि जनावरं ठसकत नाहीत. आणखी एक सवय, गव्हाणीत टाकताना टोपलीतून लोहचुंबक फिरवा. कुंपणाच्या तारेचे तुकडे, मशीनचे खिळे-वायसर भुशात सापडतात. गाय ओठाने चारा निवडत नाही, जिभेने ओढून गिळते. तार पोटातून हृदयाकडे सरकली की जनावर हातचं गेलंच म्हणा.

आता युरिया प्रक्रिया. गव्हाच्या भुशात प्रथिनं ३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पोट भरतं, बाकी फार काही नाही. प्रक्रियेने ती ७ टक्क्यांच्या घरात जातात, भुसा मऊ पडतो, पचतो जास्त आणि जनावर खातंही जास्त.

प्रमाण: १०० किलो कोरड्या भुशाला ४ किलो युरिया आणि ४० ते ५० लिटर पाणी. भुसा काट्यावर मोजा, टोपल्यांच्या अंदाजाने नको. अंदाजात हमखास भुसा कमी आणि युरिया जास्त होतो.

भिंतीचा कोपरा किंवा तीन बाजूंनी आडोसा असलेली जागा बघा. पाच क्विंटलला सात बाय सात फूट जागा आणि चार फूट उंची पुरते. खाली प्लास्टिक अंथरा. १०० किलोचा थर पसरा. ४ किलो युरिया पाण्यात पूर्ण विरघळू द्या. तळाशी खडा राहिला तर तोच पुढे एखाद्या जनावराच्या वाट्याला येतो. झारीने निम्मं द्रावण शिंपडा, काट्याने खालीवर करा, मग उरलेलं शिंपडा. नंतर पायांनी गच्च तुडवा. कडेला आणि कोपऱ्यात जास्त तुडवा, हवा तिथेच राहते. त्यावर दुसरा थर, असे पाच. वरून प्लास्टिक घालून कडा मातीने लिंपून टाका. उन्हाळ्यात २१ दिवस, थंडीत चार आठवडे. द्रावणाची बादली गोठ्याजवळ ठेवू नका. तहानलेली गाय ते पाणी समजून प्यायली तर वाचवायला वेळ मिळत नाही.

बंद का ठेवायचं, तर युरियाचा अमोनिया होतो आणि तो अमोनिया काडाचे कठीण बंध सैल करतो. फट राहिली तर वायू निघून जातो, मागे राहतं ओलं काड, त्यावर बुरशी येते. उघडल्यावर भुसा पिवळसर-तपकिरी आणि वास डोळ्यांत पाणी आणणारा, म्हणजे काम झालं. रंग तसाच, वास कुबट आणि काळे-पांढरे डाग असतील तर तेवढा भाग उकिरड्यावर टाका.

रोज लागेल तेवढा काढायचा, तास-दोन तास उघड्यावर पसरायचा, वास ओसरला की घालायचा. पहिल्या आठवड्यात पाव हिस्सा, मग निम्मा, मग पूर्ण. मोठ्या जनावराला चार किलो पुरेत. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना अजिबात नाही, कारण त्यांच्या पोटातले जंतू अजून तयार नसतात. घोडा, गाढव यांनाही नाही. ज्या पेंडीच्या पोत्यावर युरिया घातल्याचं लिहिलंय ती बरोबर नको, आणि कच्चं सोयाबीन तर मुळीच नको. त्यातल्या विकरामुळे युरिया पोटात एकदम फुटतो.

तुमचं गणित सोपं आहे. पाच मोठी जनावरं, प्रत्येकी ४ किलो, रोज २० किलो. पाच क्विंटलचा ढीग २५ दिवस जातो. पहिला ढीग एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लावा, तो मेच्या सुरुवातीला उघडेल. तो उघडला त्याच दिवशी दुसरा लावा. अशा तीन खेपा, मे ते जुलैच्या मध्यापर्यंतची टंचाई निघते. एका खेपेला २० किलो युरिया, म्हणजे ४५ किलोच्या गोणीत दोन खेपा आणि वर थोडा शिल्लक.

हिरवा चारा पोटभर असेल तेव्हा हा उपद्व्याप करू नका, घासातून प्रथिनं मिळतच असतात. प्रक्रिया टंचाईच्या दिवसांसाठीच ठेवा.

---

कुटार_विदर्भ

आमच्याकडे वेगळं प्रमाण फिरते भाऊ. १०० किलो कुटाराला (भुशाला) १ ते २ किलो युरिया, गूळ, १ किलो मीठ, १ किलो खनिज मिश्रण, पाण्यात कालवून शिंपडायचं. काही जण म्हणतात लगेच घाला, काही म्हणतात २१ दिवस ठेवा. नेमकं काय?

---

गोठा_आणि_दूध

या दोन वेगळ्या रीती आहेत आणि व्हॉट्सअॅपवर त्यांची खिचडी झाली आहे. ४ टक्के आणि बंद ढीग, ही एक. त्यात युरिया फुटून अमोनिया काडावर काम करतो. त्यात गूळ घालायची गरज नाही, उलट ओल आणि साखर असली की फट पडलेल्या जागी बुरशी लवकर धरते.

दुसरी शिंपडून लगेच घालायची. त्यात काड मऊ होत नाही, युरिया थेट पोटात जातो आणि तिथल्या जंतूंना नत्र मिळतं, गुळातून ऊर्जा. इथे धोका जास्त, कारण युरिया न फुटलेला असतो. यात १ किलोच्या वर जाऊ नका, आणि कालवणं सारखं झालंच पाहिजे. एका टोपल्यात गोळा होऊन राहिला तर एकच जनावर पडतं आणि बाकी ठणठणीत दिसतात, मग कोणाला युरियाचा संशयही येत नाही. उपाशी किंवा अशक्त जनावराला तर नाहीच.

विषबाधेची लक्षणं अर्ध्या-एक तासात दिसतात. तोंडाला फेस, अंग थरथरणं, पोट फुगणं, धाप. डॉक्टरांना फोन करा आणि ते येईपर्यंत मोठ्या जनावराला दोन ते चार लिटर व्हिनेगर भरपूर थंड पाण्यातून पाजा. मान वर ताणून पाजू नका, फुफ्फुसात जातं. जनावर आडवं पडलेलं असेल, गिळत नसेल, तर पाजूच नका.

कुटारात तूर-हरभऱ्याचं असेल तर त्यात गव्हाच्या भुशापेक्षा प्रथिनं मुळातच जास्त असतात. त्यावर युरिया वाया घालवू नका. गव्हाच्या भुशात तेच कुटार एकास एक मिसळून घाला, बिनखर्चाचं काम.

---

उडवी_रायगड

भातवाल्यांनी हे सगळं जसंच्या तसं उचलू नये म्हणून मध्येच लिहितो. गव्हाच्या काडात पान चांगलं, दांडा निकस. भाताच्या पेंढ्यात उलटं असतं. पानात वाळूसारखी सिलिका जास्त, दांडा त्या मानाने पचायला बरा. म्हणजे पेंढा जनावरांना घालायचा असेल तर भात जितकं खालून कापाल तितकं चांगलं. हार्वेस्टरने वीतभर धसकट ठेवलं तर चाऱ्याचा बरा भाग रानात राहिला.

पेंढ्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम अडवतं. नुसत्या पेंढ्यावरच्या दुभत्या गाईला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्याच. आणि काळे डाग पडलेला, कुबट पेंढा म्हशींना घालू नका. पंजाब-हरियाणाकडे बुरशी लागलेल्या पेंढ्याने म्हशींच्या शेपटीचं टोक, कान, खूर सडण्याचा डेगनाला नावाचा रोग होतो, तो याच कारणाने.

उडवी (पेंढ्याची रास) रचताना खाली दगडांवर लाकडांचा माच, मध्ये खांब. पेंढ्यांचे बुडखे बाहेर, शेंडे खांबाकडे. प्रत्येक थराला मध्य कडेपेक्षा उंच ठेवायचा. मध्ये एकदा जरी सपाटी आली तरी पाणी बुडख्यांवरून बाहेर पडायच्या ऐवजी आत खांबाकडे जातं आणि गणपतीपर्यंत मधला भाग शेणासारखा होतो. बाहेरून कळत नाही. वरची टोपी खांबाला घट्ट बांधा, कोकणातला वारा तिथेच हात घालतो.

---

माती_आधी

रानात काय उरतं ते बघू. यंत्रवाल्यांचा हिशेब धरला तर एकरी सात-आठ क्विंटल काड आणि मुळं मागे राहतात. एक टन गव्हाच्या काडात साधारण ५ किलो नत्र, दीड-दोन किलो स्फुरद आणि ११ ते १५ किलो पालाश असतं. पेटवलं की नत्र जवळपास सगळं उडतं, गंधकही बरंच. पालाश राखेत राहतं खरं, पण ती राख एप्रिल-मेच्या वावटळीत शेजाऱ्याच्या रानात जाते.

कुजण्यातली अडचण वेगळी आहे. गव्हाच्या काडात एका भाग नत्राला ८० भाग कर्ब. कुजवणाऱ्या जंतूंना २५-३० च्या आसपास लागतं. मग कमी पडणारं नत्र ते मातीतून ओढतात आणि पीक पिवळं पडतं. काड गाडून लगेच मका किंवा कांद्याचं रोप लावलं की हे हमखास दिसतं. सोयाबीनला याची झळ कमी लागते, मुळांवर गाठी धरल्या की ते स्वतःचं नत्र स्वतः घेतं. पहिले तीन आठवडे थोडं फिकट दिसेल, घाबरून युरिया फेकू नका, त्याने गाठी कमी धरतात. बियाण्याला रायझोबियम (गाठी धरणारे जिवाणू) मात्र लावा.

सोयाबीनला खरा त्रास नत्राचा नाही, काडाच्या पुंजक्यांचा होतो. भुसा मशीन वळताना बांधाकडेला काडाचे ढिगारे पडतात. तिथे पेरणी यंत्राच्या फणात काड अडकतं, फण ओढत जातो, आणि बी मातीत न पडता काडावर बसतं. दोन पावसांत मोड येतो आणि वाळतो. म्हणून मशीन गेलं की त्याच आठवड्यात कडेचे ढिगारे काट्याने विस्कटून टाका.

एप्रिलमध्ये कोरड्या रानात रोटाव्हेटर मारून काही साधत नाही. ओल नाही तर काड कुजत नाही, नुसती धूळ होते. तसंच पडू द्या, जमिनीवर सावली राहते. वळीव झाल्यावर एक उथळ पाळी मारा, तीन-चार इंच पुरे. उन्हाळी नांगरट करायचीच असेल तर काड विस्कटूनच करा, नाहीतर पलटी नांगर काडाची सतरंजी तासाच्या तळाशी अंथरतो आणि ती वर्षभर तिथेच राहते.

लवकर कुजवायचं असेल तर उसाच्या पाचटासाठी जे प्रमाण सांगतात तेच उपयोगी पडतं. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट, १ किलो कुजवणारे जिवाणू. तुमच्या एकरी सात-आठ क्विंटलला ६ किलो युरिया आणि ८ किलो सुपर झालं. पण हे वळवानंतर, ओल असताना, पाळीच्या आधी टाका. एप्रिलच्या उन्हात कोरड्या काडावर टाकलेला युरिया हवेत जातो.

मुरमाड पट्ट्यातला मातीमिश्रित भुसा डाळिंब, आलं किंवा भाजीच्या वाफ्यात चार बोटं जाड अंथरा. त्यात सुटलेले गव्हाचे दाणे उगवतात, पहिल्या पाण्यानंतर एकदा हात फिरवला की झालं. वाळवी असलेल्या रानात खोडापासून वीतभर लांब ठेवा.

---

कादवाकाठ

भरभरून लिहिलंत, सगळ्यांचे आभार. ठरलं, भुसा मशीनच, तेही पैशावर, अर्धेलीने नाही. दोन शंका राहिल्या. मशीन यायच्या आधी अवकाळी झाला तर काड गेलं का? आणि शेड नसताना ५० क्विंटल भुसा ठेवायचा कुठे? ताडपत्री टाकून भागेल?

---

यंत्र_आणि_रान

एका पावसाने काड जात नाही. ओळीतलं काड धसकटावर टेकून असतं, खालून वारा लागतो. दोन-तीन कडक उन्हं मिळाली की वाळतं. घाई करून ओलं उचललं तर मशीन तर तुंबतंच, भुसाही ट्रॉलीत गरम होतो. ओळ जाड असेल आणि खालून ओली राहिली असेल तर काट्याने एकदा उलटवा. लागोपाठ तीन-चार दिवस पाऊस झाला आणि काड काळवंडून कुबट वास यायला लागला, तर ते चाऱ्यातून वगळा आणि माती_आधी यांच्या पद्धतीने कुजवा. काळं काड युरियाने सुधारत नाही.

साठवण. दाबून भरला तर घनमीटरला ७० ते ८० किलो भुसा बसतो. ५० क्विंटलला १५ बाय २० फूट जागा आणि सात-आठ फूट उंची लागेल. पंजाबात शेडशिवाय भुशाचे 'कूप' रचतात, घुमटासारखा दाबलेला ढीग आणि बाहेरून काडाचं जाड आवरण, पण ते रचणारा हात लागतो. आपल्याकडे त्यापेक्षा चौकोनी ढीगच बरा.

जागा उंचवट्याची निवडा. फूटभर मुरूम-दगडाचा ओटा, त्यावर पऱ्हाट्या किंवा तुराट्या आडव्या, त्यावर जुनं प्लास्टिक. कडेने बांबूची चौकट आणि शेडनेट बांधा, म्हणजे कडा उभ्या राहतात. दर दोन फुटांना तुडवायला माणसं चढवा. मध्य उंच ठेवा, उडवीवाल्यांनी सांगितलं ते इथेही लागू. वरची ताडपत्री कडेपेक्षा हातभर बाहेर येऊ द्या, पण खालपर्यंत ओढून मातीने दाबू नका. भुसा श्वास घेतो, बंद केला की दुपारच्या उन्हात निघालेली वाफ रात्री ताडपत्रीला आतून गळते आणि वरचा वीतभर थर सडतो. युरियाच्या ढिगाला हवाबंद आणि साध्या भुशाला मोकळं, ही उलटापालट बरेच जण करतात. ताडपत्री वाळूच्या पोत्यांनी बांधा, दगड ठेवाल तर प्लास्टिक तिथेच फाटतं. भोवती फूटभर खोल चर आणि पाण्याला उतार.

काढताना वरून खरवडू नका. वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूने, वरपासून खालपर्यंत उभा काप घेत जा, म्हणजे बाकी ढीग झाकलेला राहतो. तळाशी हात घालण्याआधी काठीने हलवा, उंदरांमागे साप येतात.

आणि आगीचं. ढीग घर-गोठ्यापासून किमान ५० फूट लांब, वरून वीजवाहिनी जात नसलेल्या जागी. शेजारी काड पेटवणार असतील तर त्याआधी तुमच्या बांधालगत दोन नांगरतास मारून घ्या. भुसा मशीन चालू असताना बांधावर पाण्याचा टँकर किंवा फवारणीचा पंप भरून उभा ठेवा. ट्रॅक्टरच्या सायलेन्सरला ठिणगी अडवणारी जाळी आहे का ते ट्रॅक्टर रानात शिरण्याआधी बघा. तुमच्या मुरमाड पट्ट्यात गोटा ड्रममध्ये गेला की ठिणगी उडते आणि ती भुशाबरोबर थेट ट्रॉलीत जाते. म्हणूनही तो पट्टा शेवटी म्हटलं होतं. त्या पट्ट्याला वेगळी, रिकामी ट्रॉली लावा, भरलेली जोडून ठेवू नका. भरल्यावर तासभर उघड्यावर उभी करा, धूर-वास येत नाही ना ते बघा आणि मगच रिकामी करा.